मायक्रॉनच्या खालचे गाडेकर

गाडेकर साहेब आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून मायक्रोमीटर काढून आमची चपाती मोजली.

मायक्रोमीटर म्हणजे कारखान्यात लोखंडाच्या तुकड्याची जाडी मोजतात ते घोड्याच्या नालेसारखं यंत्र. नालेच्या दोन टोकांत वस्तू धरायची, मागची मूठ फिरवायची, आणि मूठ टिकटिक वाजायला लागली की आकडा वाचायचा. साहेबांनी चपाती आधी काठाला धरली, मग मध्ये धरली, मग चष्मा कपाळावर सारला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "भाभी, मधी आन् काठाला फरक हाय. पन टॉलरन्समधी बसतोय. पास."

टॉलरन्स म्हणजे चालवून घेण्याजोगी चूक, हे मला मागाहून कळलं. नसरीनला तिथल्या तिथं कळलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिच्या चपातीला चांगलं म्हटलं नव्हतं की वाईट म्हटलं नव्हतं, नुसती खाल्ली होती. त्या दिवसापासून शेजारचे 'भाईसाब' आमच्या घरात माझ्या एक पायरी वर जाऊन बसले, ते आजही तिथंच आहेत.

मी शेख. शाळेत मराठी शिकवतो. शेख असून मराठी कसं शिकवता, असं विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही, एक परिच्छेद शुद्धलेखन घालतो. सिडकोत आमच्या घराला लागून गाडेकरांचं घर. मूळचे करमाडकडचे, घरची थोडी शेती, पण सगळी नोकरी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत गेली. तिथं ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. म्हणजे बाकीच्यांनी बनवायचं आणि यांनी नापास करायचं. कंपनीने त्यांना रिटायर केलं. त्यांनी कंपनीला केलं नाही. बायको वारलेली, मुलगा पुण्याला. तपासायला कारखाना उरला नाही, तेव्हा सगळी कॉलनी त्यांच्या तावडीत सापडली.

त्यांचं एक ब्रह्मवाक्य होतं : "नजर माणसाची असती सर, गेज कुनाचंच नसतं." गेज म्हणजे मोजायचं यंत्र, ते कुणाच्या बाजूचं नसतं. हे वाक्य ते भाजीवाल्याला ऐकवायचे, रिक्षावाल्याला ऐकवायचे आणि मी वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचून तावातावाने बोलायला लागलो की मलाही ऐकवायचे. कॉलनीत पाठीमागे त्यांना सगळे 'मायक्रॉन' म्हणत. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. "मान्साचा केस म्हंजी पन्नास-साठ मायक्रॉन," ते सांगत. "आमच्या धंद्यात केस म्हंजी लाकडाचा ओंडका."

एकदा मला ते करमाडला भाचीसाठी मुलगा बघायला घेऊन गेले. शिकलेला माणूस सोबत असावा म्हणून. पोहे झाले, मुलाला पगार विचारून झाला, आणि साहेब उठून घराच्या दाराच्या चौकटीला काटकोन तपासायचा गुण्या लावायला लागले. मुलाकडचे लोक गोंधळून एकमेकांकडे बघत होते. साहेब परत येऊन बसले आणि भर बैठकीत म्हणाले, "मुलगा पास. चौकट फेल." मुलाचे वडील उठलेच होते, मी त्यांना मराठी भाषेची सगळी पुण्याई खर्चून खाली बसवलं. लग्न झालं. भाची अजूनही सांगते की नवरा लाखात एक आहे, पण पावसाळ्यात दाराला लाथ घालावी लागते.

तरी हे सगळं परवडलं, पण टॅग नको असं व्हायचं. कारखान्यात मालाला रंगीत चिठ्ठ्या बांधतात : हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे बाद, पिवळी म्हणजे 'होल्ड', निर्णय होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. निरोपाच्या दिवशी लोक शाल-श्रीफळ घेतात. यांनी टॅगचे गठ्ठे मागून आणले. दोऱ्यासकट ते कायम खिशात. दुधाच्या पिशवीला पिवळा, कॉलनीच्या बागेतल्या झोक्याला लाल. एकदा माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकालाही लाल टॅग दिसला. माझं डोकं फिरलं. गाडी माझी, चाक माझं, हे कोण बाद करणारे? टॅग ओढून फेकला आणि नसरीनला मागे बसवून खुलताबादला निघालो. दौलताबादच्या चढावर टायर फुटलं. उन्हात गाडी ढकलत आणताना नसरीन एक शब्द बोलली नाही, म्हणूनच तो रस्ता फार लांब वाटला. संध्याकाळी साहेब फाटकाशी उभे होते. त्यांनी टायरकडे बघितलंसुद्धा नाही. "सर," ते म्हणाले, "टॅग कुठंय?"

टॅगचा कायदा त्यांच्या लेखी देवाच्या कायद्याच्या बरोबरीचा. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. त्यातही 'कस्टमर होल्ड' म्हणजे शेवटचा शब्द. ही गोष्ट आम्ही चहाबरोबर इतक्यांदा ऐकली होती की नसरीन ती बिस्किटासकट म्हणून दाखवायची : एका गिऱ्हाइकाने तक्रार करून माल होल्डवर टाकला, स्वतः मालक खाली यंत्रांपाशी आला आणि म्हणाला, गाडेकर, एक पीस दे बघायला. "मी म्हनलं, साहेब, तुमी मालक. पन तक्रार कस्टमरची हाय. कस्टमर सोडंल तवाच सुटंल. मालक गप माघारी गेला." इथे ते चहाचा कप बशीत ठेवायचे आणि आम्ही मान डोलवायची, अशी वहिवाट होती.

मायक्रोमीटरच्या खालोखाल त्यांचा विश्वास स्वतःच्या बोटावर. लेथवर कातलेल्या लोखंडी पिनवरून ते नुसतं बोट फिरवायचे आणि डोळ्यांना न दिसणारी धार सांगायचे. आमच्या जेवणाच्या टेबलावरून बोट फिरवून त्यांनी मला एक फट दाखवली होती. ती मला अजून दिसलेली नाही, पण तेव्हापासून मी तिथं कोपर टेकवत नाही.

असा हा माणूस एका रविवारी सकाळी फिरून आमच्याकडे चहाला आला. मुलाने पुण्याहून पाठवलेले नवे बूट दाराशी काढले आणि आत येऊन खुर्चीवर बसला. नसरीनने नुकतीच फरशी पुसली होती. ती चहा घेऊन बाहेर आली आणि जागीच थांबली.

"भाईसाब, ये खून किसका?"

दारापासून खुर्चीपर्यंत लाल ठसे उमटले होते. साहेब उठले. इन्स्पेक्टरच ते. वाकून, चष्मा सावरत ते ठशांमागून दारापर्यंत गेले, दारापासून परत आले, आणि त्यांच्या मागे ठशांची दुसरी रांग तयार झाली. "कुनाचं हाय सर हे?" ते खरोखरच मला विचारत होते. मग त्यांनी खाली स्वतःच्या डाव्या पायाकडे बघितलं.

बुटातून एक लहानसा नट निघाला. त्यांच्याच हत्यारांच्या डब्यातला असणार. अंगठ्याच्या मुळाशी तळव्यात त्याने चांगला खड्डा पाडला होता आणि जखम आजची नव्हती. त्यांनी नट दोन बोटांत फिरवला. "चार एमएमचा," ते हळूच म्हणाले. "मला कळला नाय, सर." आणि मग आपल्या बोटाकडे असं बघितलं, जसं काही ते बोटच त्यांना फसवून गेलं होतं.

साखर त्यांना बरीच वर्षं होती. मलाही आहे. साखर पायाची जाणीव मारून टाकते हे आम्ही दोघंही वर्तमानपत्रात वाचून होतो, आणि पान उलटून चहा पिऊन मोकळे झालो होतो.

जालना रोडवरच्या एका दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टर सानप म्हणून तरुण बाई होत्या. मोजकं बोलणाऱ्या आणि फटकळ. त्यांनी मेलेली कातडी कापून जखम साफ केली. साहेब टेबलावर पडून ते निर्विकारपणे बघत होते, दुखतच नव्हतं त्यांना. मला मात्र बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. परत आलो तेव्हा बाई एक राखाडी, चमकदार कापड जखमेच्या मापाने कापत होत्या.

"यात चांदी आहे," त्या म्हणाल्या. "जंतूंना वाढू देत नाही."

साहेबांचे डोळे चमकले. "चांदीचा थर? किती मायक्रॉन?"

"मायक्रॉनच्या खाली काका. नॅनो. एका मायक्रॉनचे हजार भाग करा आणि त्यातले थोडे घ्या, एवढे एवढे कण."

"एवढं बारीक कशापायी?"

"बारीक केलं की तेवढ्याच चांदीचा पृष्ठभाग खूप वाढतो. मग ती ओल्या जखमेत सहज उतरते आणि बरेच दिवस उतरत राहते. साखरेचा खडा चहात विरघळायला वेळ लागतो की नाही? पिठीसाखर लगेच—"

"मॅडम, मला डायबेटीस हाय," साहेब म्हणाले. "उदाहरन मिठाचं द्या."

बाई पहिल्यांदा हसल्या. मग हसू आवरून त्यांनी बजावलं, "एकटी चांदी काही करणार नाही. साखर ताब्यात ठेवायची. पायावर भार द्यायचा नाही, त्यासाठी ही वेगळी चप्पल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही पट्टी उघडायची नाही. मी सांगेन तेव्हा, इथं, मीच उघडणार. आतलं काम बंद राहूनच होतं."

साहेबांनी कापडाचा उरलेला तुकडा मागून घेतला. घरी आल्या आल्या मायक्रोमीटर लावला. कापडाची जाडी आली. चांदीची आली नाही. ते अस्वस्थ झाले. त्याच सुमारास नसरीनच्या भावाने शहागंजहून चांदीचा वर्ख लावलेली बर्फी आणली होती. साहेबांना बर्फी वर्ज्य, पण वर्ख वर्ज्य नव्हता. त्यांनी चिमट्याने वर्खाचा एक तुकडा अलगद उचलला, तो श्वासानेच उडाला, दुसरा उचलला, श्वास रोखून मायक्रोमीटरच्या टोकांत धरला, मूठ फिरवली. टिकटिक झाली. त्यांनी आकडा बघितला, पुसून परत लावला, परत बघितला.

"भाभी," ते म्हणाले, "शून्य आलं."

"तो?"

"हाय की! डोळ्यांना दिसतंय. पन गेज म्हंतंय नाय."

नसरीनचे आजोबा शहागंजच्या मागे वर्ख कुटायचे. तिला यात नवल वाटलं नाही. पण साहेब त्या संध्याकाळी बर्फीकडे ज्या नजरेनं बघत बसले होते, ती नजर साखर वर्ज्य असलेल्या माणसाची नव्हती. ज्या गोष्टीपुढे गेज आंधळं, ती गोष्ट त्यांच्या पायात कोंडलेली होती. पुढच्या खेपेला त्यांनी ही वर्खाची हकिगत डॉक्टरबाईंना सांगितली, तेव्हा त्या आधी घाबरून म्हणाल्या, "वर्ख लावला नाहीत ना जखमेला? तो वेगळा, हे वेगळं."

लावला नव्हता. केलं होतं ते याहून वाईट.

पट्टी सुटली तेव्हा बाईंच्या कपाळावर आठी आली. जखम भरण्याऐवजी कडेनं लाल झाली होती. "ही कुणी उघडली?"

"तपासनी केली," साहेब म्हणाले. "रोज सकाळी. लगीच बंद करायचो. हात धुऊन."

बाईंनी त्यांना झाडलं. नवीन चांदीची पट्टी लावली, सोबत औषधं वाढवली. साहेबांनी कानाला खडा लावला. मी स्वतः शेजारी उभा होतो, साक्षीदार. पुढच्या खेपेला पट्टी सुटली आणि तीच गत. चिकटपट्टीच्या कडा इतक्या सुबक कापून परत चिकटवल्या होत्या की फक्त इन्स्पेक्टरच कापू शकेल.

डॉक्टर सानप या वेळी ओरडल्या नाहीत, आणि त्यामुळे मला भीती वाटली. त्या खुर्ची ओढून साहेबांसमोर बसल्या. "काका, पुढच्या वेळीही असंच असेल तर अंगठा काढावा लागेल. आणि अंगठ्यावर थांबेल, अशी हमी मी देत नाही."

 घरी येऊन साहेब आमच्या खुर्चीत बसले, पाय स्टुलावर, नवीन पांढरी पट्टी. मला रागही आला होता आणि रडूही येत होतं, आणि अशा वेळी मास्तर माणूस ओरडतो.

"तुम्हाला पाय हवाय का नकोय, साहेब? एवढी वर्षं जगाला नियम शिकवलेत, स्वतःला एक नियम पाळता येत नाही? हे इन्स्पेक्शन नाही, हा निव्वळ हट्ट आहे!"

ते पट्टीकडे बघत म्हणाले, "बंद माल मी एकदा पास केला व्हता, सर."

मी समोर बसलो.

"आमच्या मंडळीला, पुष्पाला, टाचंला जखम झालती. तिला बी साखर. दवाखान्यात पट्टी बांधायचे. मी सेकंड शिफ्टहून यायचो, इचारायचो, कसं हाय? ती म्हनायची, बरं हाय. पट्टी वरून पांढरीफेक. मी म्हनायचो, पास." ते हसल्यासारखं करून थांबले. "दिवसभर लोकाच्या पिनाला भिंग लावायचो. घरी येऊन नुसतं वरून बघायचो. वास आला तवा उघडलं. पाय काढला. तरी नाय राहिली ती."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आठ-दहा वर्षं शेजारी राहिलो, चपातीपासून चौकटीपर्यंत त्यांची प्रत्येक तपासणी बघितली, हसलो, इतरांना रंगवून सांगितली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय.

"आता मला ठाऊक हाय, मॅडम खरं सांगत्यात," ते म्हणाले. "पन सकाळ झाली की हात जातोय. बंद पट्टी दिसली की पुष्पा म्हनतीय, बरं हाय. मला ऐकवत नाय, सर."

नसरीन इतका वेळ दाराला टेकून उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले, पुढं आली आणि हात पसरला.

"टॅग दो."

"कोनता?"

"पीला."

साहेबांनी सवयीनं खिशातून पिवळा टॅग काढून दिला. ती खाली बसली आणि त्यांच्या घोट्याला, पट्टीच्या वर, दोऱ्याची पक्की गाठ मारून टॅग बांधला. साहेब चक्रावून गेले. "भाभी, असं कोनी बी बांधत नसतं. अथॉरिटी लागती."

"कस्टमर," नसरीन म्हणाली.

"आं?"

"फर्श किसकी? मेरी. खून किसने देखा? मैंने. पहिली तक्रार कुणी केली? मी केली ना? तो कस्टमर मैं. कस्टमर होल्ड. अब मैं छोडूँगी तबीच छूटेगा. मालक को भी हात लगाना नक्को."

मी मास्तर, वाक्य कुठं बसतं ते मला कळतं. पण इतकं अचूक बसलेलं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. साहेबांनी टॅगकडे बघितलं, नसरीनकडे बघितलं, आणि खुर्चीत ताठ झाले.

"व्हय," ते म्हणाले. "कस्टमर होल्ड हाय."

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. सकाळी त्यांचा हात पट्टीकडे जायचा, पिवळ्या कागदाला लागायचा आणि चटका बसल्यासारखा मागे यायचा. मुलाने पुण्याहून फोनवर व्हिडिओ लावून सांगितलं, बाबा, जरा पट्टी सोडून जखम दाखवा. साहेब म्हणाले, "कस्टमरला इचार." कॉलनीतले लोक भेटायला आले, कुणी हळद सुचवली, कुणी मध, साहेब नुसते टॅगकडे बोट दाखवायचे. नसरीन दोन्ही वेळा गाठ तपासायची, बिनसाखरेचा चहा पुढं ठेवायची आणि म्हणायची, "भाईसाब, बरं हाय असं मी म्हणत नाही. मला बी माहीत नाही. डॉक्टर खोलेगी तब देखेंगे." हे ऐकलं की ते शांत व्हायचे. खोटं कुणी बोलत नव्हतं, एवढं त्यांना पुरत होतं.

दवाखान्यात पुढची खेप आली. डॉक्टरबाई कात्री घेऊन पुढे झाल्या, तर साहेबांनी पाय मागे घेतला.

"थांबा मॅडम. कस्टमर भाईर बसलीय. तिला बोलवा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. नसरीन आत आली, गंभीर चेहऱ्यानं गाठ सोडली, टॅग हातात धरून बाजूला उभी राहिली. पट्टी निघाली. मी छताकडे बघत होतो. मला तो अंगठा नाहीसा झालेला दिसत होता, मग पाऊल, मग आमच्या दाराशी येणारी ती पावलंच दिसेनाशी होत होती.

"अरे वा," बाई म्हणाल्या.

मी खाली बघितलं. कडेची लाली गेली होती. जखम लहान झाली होती आणि आतून गुलाबी, ताजं मांस वर येत होतं. माझा श्वास इतक्या जोरात सुटला की नर्स दचकली.

मग तसंच चालू राहिलं. पट्टी, टॅग, होल्ड, सोडवणूक. दर खेपेला जखम लहान. शेवटच्या दिवशी बाईंनी बोट फिरवून बघितलं, कातडी जुळली होती. "चांदी, साखर, भार न देणं," त्या म्हणाल्या आणि नसरीनच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघून पुढं म्हणाल्या, "आणि हा पिवळा कागद. माझ्या बाकीच्या पेशंटनाही लागेल हा." साहेबांनी अर्धा गठ्ठा तिथंच काढून दिला. नसरीननं त्यांच्या शर्टाच्या काजाला हिरवा टॅग बांधला. एरवी गल्लीभर आवाज असलेला माणूस नवऱ्यामुलासारखा लाजला. पेढे वाटायची सोय नव्हती, म्हणून मी गुलमंडीवरून फुटाणे आणले आणि सगळ्या कॉलनीत वाटले.

निघताना बाईंनी आम्हा दोघांना सांगितलं होतं, "साखरवाल्यांनी रोज तळवे बघायचे. आरशात बघा, नाहीतर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा."

गाडेकर साहेबांना एवढं पुरेसं होतं. कारखाना परत सुरू झाला. आता सकाळी बागेतल्या बाकाशी ते उभे असतात, मायक्रोमीटर खिशात, हातात भिंग. "पाय दाखवा." निवृत्त बँकवाले, किराणावाले, वकीलबाई, साखर असलेले सगळे चपला काढून रांगेत. आधी लोकांनी नाकं मुरडली. मग वकीलबाईंच्या टाचेतली भेग त्यांनी वेळेवर पकडली, आणि तेव्हापासून न आलेल्याला लोकच फोन करतात. माझी तपासणी घरपोच. आमच्या ओट्यावर मी मोजे काढून बसायचं, त्यांनी भिंगातून बोटाबोटांच्या बेचक्यांत बघायचं, तळव्यावरून बोट फिरवायचं, आणि मग "पास."

परवा असंच झालं. मला पास करून त्यांनी हात धुतले, भिंग पुसलं आणि निघायला फाटकाशी गेले. एवढी माणसं तपासणाऱ्या या माणसाचं काय, हे तोवर कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"साहेब, तुमचे तळवे कोण बघतं?"

"आरसा हाय की."

"दिसतं नीट आरशात?"

"दिसतंय की." ते फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. "पन आरसा पास-नापास काय म्हनत नाय, सर."

"बसा," मी म्हणालो.

"आं?"

"खुर्चीत बसा. पाय दाखवा."

मी खाली फरशीवर बसलो आणि त्यांचा डावा पाय धरला, तसे ते कळवळून ओरडले, "ओ सर! पायाला हात नका लावू! मास्तर हाय तुमी! मास्तरच्या पाया पडायचं असतंय!"

आतून नसरीनचा आवाज आला, "भाईसाब, पैर दिखाओ. कस्टमर बोल रही."

पाय मुकाट्यानं माझ्या मांडीवर आला. थंड होता. अंगठ्याच्या मुळाशी जखमेची खूण, फिकट, गुळगुळीत. मी चष्मा कपाळावर सारला, ते करतात तसं एकेका बोटाच्या बेचक्यात बघितलं, टाच बघितली, तळव्यावरून बोट फिरवलं. घाई केली नाही. साहेब समोरच्या भिंतीकडे बघत होते, माझ्या वर्गात निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे.

"पास," मी म्हणालो.

त्यांनी पाय काढून घेतला नाही. थोडा वेळ तसाच राहू दिला. मग दुसऱ्या पायातली चप्पल हळूच सरकवून म्हणाले, "ह्यो बी बघा की, सर."